पावणेदोन फेरे

कूलर बंद करावा लागतो आधी.
वाळ्याचा वास, पाण्याची टपटप, सगळं बंद.
पडदे उघडे असताना
एक तंतू आत गेला की झालं,
छत्तीसच्या छत्तीस फोटोंत तोच केस.
मेमधली दुपार, दोन वाजलेले,
बर्डीवर जिन्याखालची माझी खोली.
मी कपाळाला पंचा घट्ट बांधून बसते.
गिऱ्हाइकांना वाटतं, बाईचं डोकं दुखतंय.

कॅमेरा झोर्की. रशियन.
वजनाने वरवंटा, स्वभावानेही.
गजभिये सरांचा. अजनीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे.
गच्चीवर बायकोच्या कुरडयांचे फोटो काढले,
कॅमेरा तिथंच ठेवला कुरडयांच्या शेजारी,
तोंड आभाळाकडे, झाकण खिशात,
आणि खाली आले पन्हं प्यायला.
भिंगानं त्याचं काम केलं.
काळ्या पडद्याला मोहरीएवढं भोक.

"तेव्हापासून मॅडम, हरेक फोटोत एक सूर्य जास्तीचा येते.
भाचीच्या लग्नात तर नवरदेवाच्या कानातून निघाला."
हसले.
मग काउंटरवर कॅमेरा हळूच माझ्याकडे सरकवत,
"होऊन जाईन ना जी?"

चार स्क्रू. चौथा रुसलेला,
त्याला पेट्रोलचा एक थेंब, आणि वेळ.
वरचं झाकण निघालं तर आतल्या बाजूला, पितळेवर,
सुईनं कोरलेलं:
ताण दीड फेरा. जास्त नको. वि. न.
तारीख नाही, गाव नाही.
अक्षर मात्र वळणदार, "जास्त" खाली रेघ.
कोणाला सांगत होते?
हे झाकण उघडणाऱ्यालाच. म्हणजे मलाच.

जुना पडदा सोडवला. नवीन रबरी रेशीम
उभ्या धाग्याच्या सरळ रेषेत कापलं,
तिरपं गेलं तर महिन्याभरात गोळा होतं.
हे मला कॅमेऱ्यानं नाही शिकवलं.
गोळीबार चौकात बाबांचा खड्डा-माग होता,
मी दोन्ही पाय आत सोडून बसायची त्यांच्या बाजूला,
ते तारांवरून बोट फिरवायचे, न बघता,
"ताणा बोलते. आयकून घे."
मला तेव्हा काही ऐकू यायचं नाही.
माग विकला, तेव्हाही नाही.

रात्रभर डिंक वाळला.
सकाळी ताण.
दोन पडदे असतात. पहिला पळतो, दुसरा त्याच्या मागे,
मधल्या फटीतून जेवढा उजेड जाईल तेवढा फोटो.
दुसऱ्यानं पहिल्याला गाठलं
की चित्राची एक बाजू काळी.
माझ्याकडे जुना डबा टीव्ही आहे, या कामापुरता.
मुलगा म्हणतो भंगारात दे.
पडद्यावर नुसत्या मुंग्या लावायच्या,
कॅमेऱ्याच्या पाठीतून बघायचं, बटण दाबायचं:
क्षणभर एक तिरपा पट्टा दिसतो.
सरळ असला तर चाल बरोबर.

दीड फेरा दिला, सांगितल्याप्रमाणे.
पट्टा शेवटी वाकला.
पुन्हा. वाकलाच.
शेवटचं बोटभर अंतर पडद्याला धाप लागत होती.
स्प्रिंगही म्हातारी होते, वि. न.,
तुमच्या वेळी पुरत असेल तिला दीड.
तुमच्या रेघेकडे मी बराच वेळ बघत राहिले.
मग टीव्ही बंद केला, डोळे मिटले,
आणि पाव फेरा, केसाकेसानं,
कॅमेरा कानाला लावून.

खट्.
आधीचा खट् फाटल्यासारखा होता.
हा मिटल्यासारखा.

टीव्ही लावून पाहिलं. सरळ.

संध्याकाळी सर येतील, विचारतील, सूर्य?
सांगेन, आहे तेवढाच येईल आता.
थोडे हिरमुसतीलही कदाचित.

झाकण लावायच्या आधी सुई घेतली,
त्यांच्या ओळीखाली लिहिलं: पावणेदोन.
नाव घालावं का, विचार केला. नाही घातलं.
खाली अजून एखाद्या ओळीपुरती जागा आहे.

मग कूलर लावला.
पाणी संपलेलं होतं.